‘दमलोय’ म्हणता येईल अशी मोहीम

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही पाच मित्र, कॉलेजपासूनचे. पंधरा-सोळा वर्षं दरवर्षी एकदा तरी डोंगरात जायचो. आता सगळे ४४-४५ चे आहोत आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही जमलेलं नाही. शेवटच्या ट्रेकला दोघांचं जोरदार भांडण झालं. एकाला गेल्या वर्षी स्टेंट बसवला. एकाची पैशांची ओढाताण चालू असावी, पण तो बोलत नाही. ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी ‘या वेळी जायचंच’ असं लिहितो, चार अंगठे येतात आणि विषय तिथंच संपतो. हे पुन्हा सुरू कसं करायचं? की आता वय झालं म्हणून सोडून द्यायचं?"

सोडून देऊ नका. गेली २७ वर्षं मी लोकांना डोंगरांत, नद्यांवर आणि बर्फात घेऊन जातो. त्यात जुन्या मित्रांच्या टोळ्या पुष्कळ असतात. माझी स्वतःचीही एक टोळी आहे, तिच्यातला सगळ्यात थोरला आता ५८ चा आहे. तुम्ही तारखा, भांडण, हृदय आणि पैसे अशा चार अडचणी लिहिल्या आहेत. मला त्या चारही एकाच जागी येऊन मिळताना दिसतात. तुमच्यापैकी कोणालाही बाकीच्या चौघांसमोर "मला हे झेपत नाही" असं म्हणता येत नाही. गुडघ्यांना झेपत नसेल, खिशाला झेपत नसेल, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे झेपत नसेल, तरी अंगठा द्यायचा आणि गप्प राहायचं. म्हणून मी उत्तराची सुरुवात तारखांपासून करत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण एक उंच खिंड ओलांडायला निघालो होतो. ४२०० मीटरवर तंबू लावला. आमच्यातला एक जण दुपारपासून शांत होता. मी तीनदा विचारलं, तीनदा "ठीक आहे" असं उत्तर आलं. संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला त्याला पाच मिनिटं लागली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला उठवलं आणि सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत चालायला लावलं. चौथ्या पावलाला तो कलंडला. उंचीवर नुसतं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर त्याच उंचीवर थांबून वाट पाहता येते. तोल गेला म्हणजे मेंदूला सूज येऊ लागली आहे असंच धरायचं. मग सकाळची वाट पाहायची नसते. औषध दिलं, आणि आम्ही दोघं टॉर्चच्या उजेडात त्याला धरून ७०० मीटर खाली उतरलो. पाच तास लागले.

खाली आल्यावर त्याला हळूहळू हुशारी आली. एका दगडाला टेकून बसला आणि म्हणाला, डोकं काल रात्रीपासून दुखत होतं, तंबूमागं जाऊन दोनदा उलटी केली, पण तुमची मोहीम मोडेल म्हणून बोललो नाही. आणि मग, मध्ये जराही न थांबता, त्याच सुरात म्हणाला की नऊ महिन्यांपूर्वी नोकरी गेली आहे, रोज सकाळी बॅग घेऊन घरातून निघतो आणि संध्याकाळपर्यंत कुठंतरी बसून राहतो. आम्ही त्याच्याशी दर आठवड्याला फोनवर बोलत होतो. कोणालाही पत्ता नव्हता.

त्या रात्रीनंतर मी माझं काम वेगळ्या रीतीनं करू लागलो. ४२०० मीटरवर जो माणूस डोकेदुखी लपवतो, तोच खाली आल्यावर बुडालेला धंदा लपवतो, मोडत आलेला संसार लपवतो. दोन्हीकडं भीती एकच असते, की माझ्यामुळे बाकीच्यांचं बिघडेल. यातली डोकेदुखी बोलून दाखवणं त्यातल्या त्यात सोपं असतं. म्हणून सराव तिच्यापासून करायचा.

आता, यासाठी डोंगरातच कशाला जायला हवं, घरी बसून बोलता येत नाही का? बऱ्याच पुरुषांना येत नाही, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. रॉबिन डनबर आणि सॅम रॉबर्ट्स या संशोधकांनी शाळा संपवून वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या तरुणांच्या मैत्रीचा दीड वर्ष मागोवा घेतला होता. मुलींची मैत्री बोलत राहिल्यानं टिकत होती. मुलांच्या मैत्रीला नुसत्या बोलण्याचा फारसा उपयोग होत नव्हता, एकत्र काहीतरी करत राहिलेल्यांची टिकत होती. मी हे रोज पाहतो. समोरासमोर बसवलं की दोन पुरुष बातम्यांवर बोलतात. एकामागं एक चालायला लावलं, नजर वाटेवर असली, पाठीवर ओझं असलं, की तिसऱ्या तासाला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीशी बोलू लागतो. होडीत तर हे आणखी सहज होतं, कारण दोघांचीही तोंडं एकाच दिशेला असतात आणि वल्ह्याचा ताल मधली शांतता भरून काढतो.

आणि तास लागतात. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये त्याचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवलग होण्यासाठी २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात. हा हिशेब नव्या मैत्रीचा आहे, पण जुनी मैत्रीही तासांवरच जगते असं मला वाटतं. महिन्यातून एकदा दोन तास भेटलात तर वर्षाचे २४ होतात, आणि तेही प्रत्येकाचा अर्धा डोळा फोनवर ठेवून. चार दिवसांच्या पदभ्रमणात जागेपणीचे साठएक तास सलग मिळतात. तुम्ही तीन वर्षं ते गमावले आहेत. ग्रुपवरच्या अंगठ्यांनी ती भर निघत नाही.

गिर्यारोहणाच्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती जोडी एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांची. १९३० मध्ये दोघांनी माउंट केनियाची जुळी शिखरं पार केली. १९३४ मध्ये ऋषीगंगेच्या घळीतून वाट काढत, तीन शेर्पा साथीदारांबरोबर ते नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात पोहोचले. तोवर तिथं कोणाला जाता आलं नव्हतं. सामान इतकं कमी की मोहिमेचा बेत पाकिटाच्या मागच्या कोऱ्या जागेत मावेल. इतके महिने एका तंबूत काढूनही टिलमन शिप्टनला आडनावानंच हाक मारायचा. शिप्टनने सांगून ठेवलंय की त्यानं एकदा याबद्दल विचारलं तेव्हा टिलमन ओशाळून गेला, पहिल्या नावानं हाक मारणं त्याला फारच विचित्र वाटत होतं. हाच टिलमन १९३६ मध्ये नोएल ओडेलबरोबर ७८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचला. माणसानं तोवर गाठलेलं ते सगळ्यात उंच शिखर होतं. आणि तिथं दोघांनी काय केलं, तर हस्तांदोलन. तेवढं करणंही स्वतःचं भान विसरल्यासारखं होतं, असं टिलमननं लिहिलंय.

मला ही दोघं फार जवळची वाटतात. त्यांच्या त्या अबोलपणात केवढा विश्वास होता हे दोरीच्या दुसऱ्या टोकाला राहिलेल्या माणसाला कळतं. पण त्यांचा अबोलपणा तुम्ही उचलू नका. विशी-तिशीतली पोलादी शरीरं होती ती. ४५ व्या वर्षी तुमच्यातल्या प्रत्येकाच्या शरीरात काहीतरी वेगळं चालू आहे, आणि ते बाकीच्यांना न सांगता दोरी बांधणं धोक्याचं आहे.

म्हणून माझ्या प्रत्येक गटात सकाळी निघण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी सगळे गोल बसतात आणि प्रत्येक जण आकडे सांगतो. उंचीवर असू तर त्यासाठी उंचीचा त्रास मोजणारी लेक लुईस गुणपद्धत वापरतो, जी २०१८ मध्ये सुधारली गेली. डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा आणि चक्कर या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. डोकं दुखतंय आणि एकूण बेरीज तीन किंवा जास्त, म्हणजे उंची लागली आहे; आज वर जायचं नाही. कमी उंचीवर असू तर पाय, पाठ, झोप आणि मन यांचे आकडे घेतो. पुरुषाला "मला कसंतरी होतंय" म्हणायला जड जातं, पण "डोकं दोन, थकवा दोन" तो सहज म्हणतो. यात एकच पथ्य आहे: सगळ्यात अनुभवी माणसानं आधी बोलायचं आणि खरं बोलायचं. मी माझा गुडघा दोन आहे म्हटलं की पुढचे चौघं खरे आकडे सांगतात. मी शून्य म्हटलं की सगळ्यांचे शून्य येतात. हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी त्यावर पैज लावीन. आणि मनाचा आकडा? पहिल्या दिवशी सगळे शून्य सांगतात. तिसऱ्या रात्री कोणीतरी "मन तीन" म्हणतो आणि गप्प होतो. तिथं कोणी लगेच सल्ला देऊ नये. स्टोव्ह चालू ठेवावा, पाणी गरम करत राहावं, तो बोलतो.

आता बेताकडं येऊ. तुमची सगळ्यात मोठी चूक इथं होईल असं मला वाटतं. तीन वर्षांची कसर भरून काढायला तुम्ही पूर्वीपेक्षा मोठं काहीतरी ठरवाल. तसं करू नका. बेत तुमच्यातल्या आज सगळ्यात कमकुवत असलेल्या माणसाच्या मापानं शिवायचा, आणि तो माणूस कोण हे आकडे सांगितल्याशिवाय कळत नाही. तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्याचे स्नायू दर दशकात तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दहा वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी उतरते. म्हणजे २५ व्या वर्षी जी चढण बोलत-बोलत चढलात ती आता बोलणं थांबवून चढाल, आणि बोलणं थांबलं तर तुम्ही ज्यासाठी गेलात तेच गेलं. माझी साधी कसोटी अशी आहे की दिवसाच्या कुठल्याही घटकेला सगळ्यात मागच्या माणसाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. त्याला येत नसेल तर पुढच्याचा वेग चुकला आहे.

वेळेचा अंदाज बांधताना नेस्मिथचा नियम अजूनही कामी येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा, विश्रांती न धरता केलेला हिशेब. तुमच्या पाच जणांसाठी त्याची दीडपट धरा आणि दिवस सहा-सात तासांच्या वर जाऊ देऊ नका. ३००० मीटरच्या वर जाणार असाल तर रोज झोपण्याची जागा ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करायचा. पण पहिल्या वर्षी तितकं उंच जाऊच नका.

तयारीला १२ आठवडे द्या. आठवड्यातून तीन दिवस चालणं, त्यातला एक दिवस ओझं घेऊन, आणि जिने. चढण्याइतकंच उतरण्याकडं लक्ष द्या. या वयात माणूस चढताना दमतो आणि उतरताना मोडतो. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन पेलतो आणि त्याला सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरवत नाहीत. काठ्या वापरा, दोन. आणि जुने बूट आत्ताच कपाटातून काढा. तीन वर्षं न वापरलेल्या बुटांच्या तळव्यातला मऊ थर आतल्या आत कुजलेला असू शकतो. बाहेरून नवे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सोल सुटून हातात येतो. दरवर्षी माझ्या गटांत एकाचा तरी सुटतो, आणि नेमका बऱ्याच खंडानंतर परत आलेल्या माणसाचाच.

स्टेंट बसवलेल्या मित्राबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण इथं दोन्ही बाजूंनी चुका होतात. मार्टिन बुर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये चालताना किंवा स्कीइंग करताना अचानक हृदय थांबून गेलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात बहुतेक मध्यमवयीन आणि त्यापुढचे पुरुष होते. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणं, रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि नियमित व्यायामाचा अभाव, ही धोक्याची कारणं. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही गोष्ट, की यातले बरेच मृत्यू डोंगरातल्या पहिल्याच दिवशी झाले. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस गाडीतून उतरतो आणि सरळ मोठ्या चढणीला भिडतो. म्हणजे तुमच्या पाच जणांपैकी सगळ्यात धोक्यात स्टेंटवाला आहे असं धरून चालू नका. त्याची तपासणी तरी झाली आहे. बाकीच्या चौघांची कधी झाली? पाचही जणांनी डॉक्टरांना दाखवा, आणि पहिला दिवस अर्धाच ठेवा.

त्याच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांचा होकार लागेलच, आणि तो नुसता "जा" असा नको. किती चढ, किती उंची, नाडी किती वर जाऊ द्यायची, हे ट्रेडमिलवरच्या चाचणीनंतर त्यांच्याकडून विचारून घ्या. रक्तातल्या गाठी रोखणाऱ्या त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत. एक संच त्याच्याकडं आणि एक दुसऱ्याच्या सॅकमध्ये. या गोळ्यांमुळे साधी जखमसुद्धा जास्त वाहते, म्हणून पट्ट्या जास्त घ्या आणि प्रथमोपचाराची पिशवी सांभाळणाऱ्याला हे माहीत असू द्या. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं तर तो त्याच क्षणी बोलेल असा शब्द त्याच्याकडून घ्या.

तो शब्द देताना त्याला एकच भीती वाटेल, की आपल्यामुळे सगळ्यांना परतावं लागेल. त्याला १९७७ ची गोष्ट सांगा. काराकोरममधल्या ७२८५ मीटरच्या ओगर शिखरावर पहिल्यांदाच डग स्कॉट आणि ख्रिस बॉनिंग्टन पोहोचले. उतरायला लागताच दोरीवरून झोका जाऊन कड्यावर आदळला आणि स्कॉटचे दोन्ही पाय घोट्याजवळ मोडले. पुढं बॉनिंग्टनच्या बरगड्या मोडल्या. वर वादळ. मो अँथॉइन आणि क्लाइव्ह रोलँड हे दोन सोबती पुढं वाट काढत, दोऱ्या लावत राहिले, आणि स्कॉट दिवसामागून दिवस हातागुडघ्यांवर रांगत खाली आला. चौघंही जिवंत परतले. त्या मोहिमेत शिखरावर कोण गेलं ते मला नेहमी आठवत नाही. रांगणाऱ्या मित्राच्या पुढं दोर लावणारे दोघं मात्र मी कधीच विसरत नाही.

भांडणाचं काय? तुम्ही कारण लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करतो: तिसरा दिवस, दुपार, सगळे भुकेले, रस्ता चुकलेला किंवा उशीर झालेला, आणि कोण ठरवणार हे ठरलेलं नाही. मित्रांच्या गटात म्होरक्या नसतो, सगळे सारखे, आणि त्यातूनच हे होतं. दर दिवसाला एक म्होरक्या नेमा, पाळीपाळीनं. त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. आणि परत फिरायची वेळ सकाळी, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना ठरवून कागदावर लिहा. दोन वाजता म्हणजे दोन वाजता, माथा समोर दिसत असला तरी. अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या ७०० हून अधिक अपघातांचा अभ्यास इयन मॅकॅमन यांनी केला होता. धोक्याच्या खुणा समोर असूनही माणसं पुढं का जातात, याची त्यांनी जी कारणं मांडली त्यात ओळखीची जागा आहे, ठरलंय म्हणून पुढं जाणं आहे, जाणकार बरोबर आहे हा भरवसा आहे आणि इतरांच्या नजरेतून उतरू नये ही धडपडही आहे. जुन्या मित्रांच्या टोळीत हे सगळं एकाच वेळी हजर असतं. अनोळखी गटातला माणूस मला "घाबरलोय" असं सहज सांगतो. वीस वर्षं जुन्या मित्रांसमोर त्याच माणसाला ते जमत नाही.

झालेल्या भांडणाचा निकाल पाच जणांत लावू नका. त्या दोघांना आधी एकदा, दोघांनाच, दिवसभराच्या चालीला पाठवा. बाकीच्यांनी मध्यस्थी करायची नाही. माफी मागितली जाईलच असं नाही. बरेचदा एक जण दुसऱ्याची सॅक मागून सारखी करतो आणि तेवढ्यात मिटतं. काही भांडणं मात्र मिटत नाहीत. तसं असेल तर एकानं या वर्षी थांबावं आणि पुढच्या वर्षी यावं.

पैशांसाठी आमच्या टोळीत एक रीत आहे. बेत ठरवण्याआधी प्रत्येक जण या वर्षी किती खर्च झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहितो, नाव न लिहिता. चिठ्ठ्या एका टोपीत. त्यातला सगळ्यात लहान आकडा हाच सगळ्यांचा खर्च. कोणाचा होता हे विचारायचं नाही, आणि "वरचं मी भरतो" असं म्हणायला बंदी. ज्याच्याकडं आहे त्याला ते म्हणावंसं वाटतं, चांगल्या मनानं वाटतं, पण घेणाऱ्याला पुढच्या वर्षी कारण सांगून टाळावं लागतं. पाहिलंय मी, एक चांगला मित्र असाच हळूहळू गळाला. आता आमच्याकडं एखाद्या वर्षी आकडा इतका लहान निघतो की आम्ही घराजवळून चालत निघतो आणि दोन रात्री उघड्यावर काढून परत येतो. त्या वर्षांच्या आठवणी कमी नाहीत.

तारखांचं त्यामानानं सोपं आहे. सगळ्यांना सोयीची तारीख शोधणं थांबवा, पाच संसारांत ती सापडत नाही. वर्षातला एकच आठवडा कायमचा ठरवा आणि पाचपैकी तीन आले तरी निघायचं असं ठरवून टाका. जो येऊ शकला नाही त्याला कारण विचारायचं नाही, आणि परतल्यावर पहिला फोन त्याला करायचा. आम्ही पुढच्या वर्षीची तारीख परतीच्या गाडीतच पक्की करतो. घरी पोहोचल्यावर ठरवू म्हटलं की ते ठरत नाही.

घरच्यांबद्दल एवढंच सांगतो. तुम्ही चार दिवस जाता तेव्हा ते चार दिवस दुसरं कोणीतरी भरून काढत असतं. तेवढेच चार दिवस बायकोलाही द्या, तुम्ही निघण्याआधी द्या, आणि तिनं ते कसे घालवले याचा हिशेब मागू नका. या साध्या गोष्टीनं किती टोळ्या टिकल्या ते मी मोजलेलं नाही, पण ती न केल्यानं मोडलेल्या टोळ्या मला माहीत आहेत.

आता पहिलं पाऊल. ग्रुपवर काही लिहू नका. स्टेंट बसवलेल्या मित्राला आज रात्री एकट्याला फोन करा आणि त्याची तब्येत विचारण्याआधी तुमची सांगा: तुमचे गुडघे, तुमची झोप, शेवटचं डोकं कधी दुखलं, खरं खरं. मग त्याला विचारा, येत्या रविवारी पहाटे तासभर सपाटीवर चालायला येतोस का. डॉक्टरांनी त्याला एवढं चालायची मुभा दिली असेलच, नसेल तर तो सांगेल, मग अर्धा तास चाला. वेग त्याचा. तुम्ही अर्धं पाऊल मागं राहा.